विश्लेषण : जबाबदार कोण, गोळी चालवणारा की प्रांत चालवणारा? सर शंकरन नायर यांचा खटला नेमका काय होता?

एप्रिल २०२५ मध्ये अक्षय कुमारचा ‘केसरी चॅप्टर २’ प्रदर्शित झाला आणि चेत्तूर शंकरन नायर हे नाव अनेकांनी पहिल्यांदाच ऐकले. चित्रपटातले नायर जालियनवाला बागेच्या हत्याकांडाबद्दल ब्रिटिश सरकारला थेट कोर्टात खेचतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. प्रत्यक्षात घडले ते जवळपास याच्या उलट. खटला अमृतसरला नाही, लंडनला चालला. तो नायर यांनी भरलेला नव्हता, त्यांच्यावर भरलेला होता. समोर जनरल डायर नव्हता, मायकेल ओडवायर होता. आणि नायर तो खटला हरले.

तरीही खरी गोष्ट पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा मोठी आहे. सरकारी अधिकाऱ्याने अधिकाराचा गैरवापर केला तर त्याची जबाबदारी नेमकी कुणाच्या माथी मारायची, या प्रश्नावर एका माजी न्यायमूर्तीने स्वतःचे नाव आणि स्वतःचा पैसा पणाला लावला, ती ही गोष्ट आहे.

डायर वेगळा, ओडवायर वेगळा

पुढे जाण्यापूर्वी ही दोन नावे वेगळी करून घेऊ. व्हॉट्सअॅप फॉरवर्डमध्ये तर त्यांचा हमखास घोळ होतो.

ब्रिगेडियर जनरल रेजिनाल्ड डायर हा लष्करी अधिकारी. १३ एप्रिल १९१९ रोजी, बैसाखीच्या दिवशी, तो ९० सैनिक घेऊन जालियनवाला बागेत शिरला. त्यांतल्या ५० जणांकडे रायफली होत्या. जमावाला पांगण्याचा इशारा न देता सुमारे दहा मिनिटे गोळीबार झाला, १६५० गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारी आकडा ३७९ मृतांचा. काँग्रेसच्या चौकशीने तो हजाराच्या आसपास असल्याचे म्हटले.

सर मायकेल ओडवायर हा पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर. मूळचा आयरिश, आयसीएस अधिकारी. १९१३ पासून मे १९१९ पर्यंत पंजाब प्रांत त्याच्या हातात होता. गोळीबाराच्या दिवशी तो लाहोरला होता. त्याने बंदूक उचलली नाही. मात्र बातमी कळल्यावर दुसऱ्याच दिवशी, डायरच्या कृतीला आपली मान्यता असल्याचे त्याने लष्करी वरिष्ठांमार्फत कळवले. त्यानंतर पंजाबात मार्शल लॉ लागला. भर चौकात फटके, गुजरांवाला इथे विमानातून बॉम्ब, अमृतसरच्या एका गल्लीतून भारतीयांनी सरपटत जावे असा हुकूम, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, हे सगळे त्याच्या प्रांतात झाले.

उधमसिंग यांनी १३ मार्च १९४० रोजी लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये ज्याला गोळ्या घातल्या तो ओडवायर. डायर त्याआधीच, १९२७ मध्ये, आजाराने मरण पावला होता.

नायर यांचे बोट ओडवायरकडे होते.

कोण होते शंकरन नायर?

जन्म ११ जुलै १८५७. गाव मलबार जिल्ह्यातले मंकरा, म्हणजे आजच्या केरळमधल्या पालक्काडजवळ. तेव्हा हा भाग मद्रास इलाख्यात होता. नायर समाजात वंश आईकडून चालायचा, त्यामुळे चेत्तूर हे घराण्याचे नाव त्यांना आईकडून मिळाले. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत तहसीलदार होते. थोडक्यात, सरकार कसे चालते हे या मुलाने घरातच पाहिले.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिक्षण झाले. १८७९ मध्ये कायद्याची पदवी मिळाली आणि पुढच्या वर्षी मद्रास उच्च न्यायालयात वकिली सुरू झाली. त्या दिवसांतली एक हकीकत सांगितली जाते. इंग्रज बॅरिस्टरच्या हाताखाली ज्युनिअर म्हणून काम करायचे नाही, असा ठराव मद्रासच्या भारतीय वकिलांनी केला. नायर यांनी त्याला विरोध केला. आपल्या अशिलाला कोणता वकील हवा हे ठरवणारे आपण कोण, असा त्यांचा मुद्दा होता. त्यापायी बिरादरीचा रोष ओढवून घ्यावा लागला, तो त्यांनी घेतला. आपल्याच लोकांना न पटणारे बोलायची ही सवय आयुष्यभर सुटली नाही.

मलबारच्या जमीन कुळांच्या प्रश्नावर सरकारने १८८४ मध्ये नेमलेल्या समितीत ते होते. १८९० मध्ये मद्रास विधान परिषदेत गेले. मलबारमधल्या विवाहांना कायद्याची मान्यता नव्हती, ती मिळावी म्हणून त्यांनी विधेयक मांडले आणि त्यातून १८९६ चा मलबार विवाह कायदा झाला. समाजातल्या कर्मठांना तो आवडला नाही. काही काळ ते सरकारी वकील होते, नंतर अॅडव्होकेट जनरल झाले, १९०८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९१२ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. न्यायमूर्ती असताना १९१४ मध्ये एका निकालात त्यांनी हिंदू धर्म स्वीकारलेल्या माणसाला जातीबाहेरचा मानता येणार नाही असे ठरवले.

ही कारकीर्द बंडखोराची नाही. ब्रिटिश कायद्यावर या माणसाचा मनापासून विश्वास होता, आणि पुढचे सगळे समजून घ्यायचे तर ते लक्षात ठेवावे लागेल.

अमरावतीचे अध्यक्ष

महाराष्ट्राशी त्यांचा संबंध १८९७ चा. त्या वर्षी डिसेंबरमध्ये काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीला भरले. स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे आणि अध्यक्ष चाळीस वर्षांचे शंकरन नायर. काँग्रेसचे अध्यक्षपद मिळालेले ते एकमेव मल्याळी.

ते वर्ष पुण्याच्या प्लेगचे होते. प्लेग अधिकारी वॉल्टर रँडच्या हाताखाली सैनिक घराघरांत शिरून तपासण्या करत होते. देवघर, स्वयंपाकघर, बायकांची खोली, काहीच सुटत नव्हते. तक्रारी झाल्या, दाद लागली नाही. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढे काय झाले? सैनिकांच्या वागण्याची पुण्याला पटेल अशी चौकशी झाली नाही. टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली. नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या रेग्युलेशनखाली खटल्याशिवाय डांबण्यात आले. आणि गोखल्यांनी विलायतेत सैनिकांच्या अत्याचारांबद्दल जाहीर आरोप केले होते, पण परत आल्यावर पुरावा द्यायला कुणी पुढे येईना, म्हणून त्यांना जाहीर माफी मागावी लागली.

अमरावतीला या सगळ्याची धग होती. नातू बंधूंच्या अटकेविरुद्ध तिथे ठराव झाला. नायर यांनी अध्यक्षीय भाषणात सरकारच्या मनमानीवर टीका केली आणि साम्राज्यात राहूनच, पण स्वतःचा कारभार स्वतः करण्याचा हक्क मागितला. गोखल्यांची माफी जेमतेम पाच महिन्यांपूर्वीची होती. पुढे २७ वर्षांनी नायर यांच्यासमोरही माफीचाच पर्याय ठेवला जाणार होता.

सरकारच्या आत

१९१५ मध्ये नायर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, शिक्षण खात्याचे सदस्य म्हणून. आजच्या भाषेत केंद्रीय मंत्रिमंडळ म्हणा. त्या मंडळात तेव्हा भारतीयासाठी एकच जागा होती आणि ती त्यांच्याकडे आली. भारतीय माणसाला सरकारात मिळू शकणारे याहून मोठे पद तेव्हा नव्हते.

तिथे ते गप्प बसले नाहीत. भारतमंत्री एडविन माँटेग्यू यांनी आपल्या डायरीत त्यांचे वर्णन मोठ्याने ओरडणारा, समोरच्याचे ऐकून न घेणारा, तडजोडीला तयार नसणारा अशक्य माणूस असे केले आहे. १९१९ मध्ये राजकीय सुधारणांच्या खलित्यांना नायर यांनी दोन भिन्नमतपत्रिका जोडल्या. सरकारच्या बहुमतापेक्षा भारतीयांना अधिक अधिकार मिळावेत, असे त्यांत सविस्तर मांडले होते, आणि त्यांतल्या कित्येक सूचना पुढे लंडनने मान्य केल्या.

मात्र एक अडचणीची गोष्टही नोंदवायला हवी. मार्च १९१९ मध्ये रौलेट कायदा झाला तेव्हा नायर याच सरकारात होते. एप्रिलमध्ये पंजाबात मार्शल लॉला मंजुरी मिळाली ती याच सरकारची. जालियनवाला बागेनंतर लगेच ते बाहेर पडले नाहीत. पंजाबच्या सीमा जवळपास बंद होत्या, बातम्यांवर सेन्सॉर होता, खरे काय घडले ते सिमल्यालाही तुकड्यातुकड्यांनी कळत होते, हे खरे. पण वरच्या माणसाची जबाबदारी हा निकष लावायचा तर तो मंडळातल्या प्रत्येकाला लागतो, नायर यांनाही. त्यांनी तो स्वतःला लावला असे त्यांच्या पुढच्या कृतीवरून दिसते.

जुलै १९१९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. कारण स्पष्ट होते. पंजाबात जे झाले ते करणाऱ्या सरकारचा भाग म्हणून राहणे शक्य नाही.

या राजीनाम्याची एक आठवण त्यांचे जावई के. पी. एस. मेनन यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे सर्वदूर झाली. व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांनी विचारले, तुमच्या जागी कुणाचे नाव सुचवाल? नायर यांनी दारातल्या लाल पोशाखातल्या शिपायाकडे बोट दाखवले. उंच आहे, देखणा आहे, पोशाख शोभतो आणि तुम्ही म्हणाल त्याला हो म्हणेल.

या राजीनाम्यामुळे मार्शल लॉ उठला असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. तारखा पाहिल्या तर ते बरोबर नाही. बहुतेक जिल्ह्यांतला मार्शल लॉ जूनमध्येच उठला होता, रेल्वेच्या हद्दीत तो ऑगस्टपर्यंत राहिला. राजीनाम्याचा परिणाम वेगळा होता. सरकारच्या आतल्या एकमेव भारतीयाने पंजाबच्या कारभाराला नकार दिला होता आणि तो नकार लंडनमध्येही ऐकू गेला.

आधी अभय, मग चौकशी

ऑक्टोबर १९१९ मध्ये लॉर्ड हंटर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. आठ सदस्यांपैकी तीन भारतीय होते आणि त्यांत मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड. लाहोरला डायरची साक्ष झाली तेव्हा सेटलवाड यांनी त्याला चिलखती गाड्यांबद्दल छेडले. गाड्या बागेच्या अरुंद बोळातून आत जाऊ शकल्या असत्या तर मशीनगन चालवली असती का? बहुधा हो, अशी कबुली डायरने दिली. समांतर चौकशी काँग्रेसने केली. गांधीजींबरोबर त्यात मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते.

पण हंटर समितीचे काम सुरू होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९१९ मध्ये, सरकारने एक कायदा करून घेतला होता. इंडेम्निटी कायदा. सोप्या मराठीत अभयाचा कायदा. मार्शल लॉच्या काळात सुव्यवस्था राखण्यासाठी सद्हेतूने केलेल्या कृतीबद्दल अधिकाऱ्यांवर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होणार नाही, असा त्याचा गाभा. मदनमोहन मालवीय यांनी त्याला कडाडून विरोध केला. चौकशीआधी अभय कसले, हा साधा प्रश्न होता. कायदा मंजूर झाला.

हेतू वाईट होता हे कोण दाखवणार? ज्याला फटके बसले तो. कायदा अधिकाऱ्याचा हेतू चांगलाच होता असे धरून चालणार आणि ते खोटे पाडण्याचे ओझे पीडितावर टाकणार. नायर यांच्या खटल्याकडे जाताना हे ओझे कुठे कुठे सरकते ते पाहत चला.

(आजच्या कायद्याशी तुलना होतेच, म्हणून थोडक्यात. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल खटला चालवायचा तर आजही सरकारची पूर्वपरवानगी लागते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ मध्ये आहे. फरक एवढाच की सरकारने १२० दिवसांत निर्णय घेतला नाही तर परवानगी मिळाली असे धरले जाते. कोठडीतल्या मृत्यूसाठी राज्याने भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये नीलाबती बेहेरा प्रकरणात ठरवले. ही भरपाई तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करातून जाते. ती दोषी अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल करता येते, असेही न्यायालयाने त्याच वर्षी लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात सांगितले आहे. पण अशी वसुली झाल्याच्या बातम्या क्वचितच द्याव्या लागतात.)

हंटर समितीचा अहवाल मे १९२० मध्ये आला. डायरची चूक झाली यावर बहुमत आणि अल्पमत दोघांचे एकमत होते, भाषेचा कडकपणा कमीजास्त. डायरला लष्करातून बाहेर पडावे लागले. कोर्ट मार्शल नाही, खटला नाही. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहाने सरकारच्या निर्णयाला पाठिंबा दिला. लॉर्ड्स सभागृहाने १२९ विरुद्ध ८६ मतांनी डायरवर अन्याय झाल्याचे म्हटले. ‘मॉर्निंग पोस्ट’ या दैनिकाने त्याच्यासाठी निधी उभारला, त्यात २६ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली.

आणि ओडवायर? डायरच्या कृतीला मान्यता देण्यात त्याने घाई केली, एवढा ठपका. बाकी त्याच्या धडाडीचे सरकारी खलित्यात कौतुकच झाले.

अभियांत्रिकीला असताना आम्हाला मशीन का बिघडले यावर उत्तर लिहावे लागे. तुटलेला बोल्ट दाखवला की दोन गुण मिळत. बोल्टवर तेवढा भार कुणी आणि कसा येऊ दिला, हे लिहिले की उरलेले आठ. १९२० मध्ये साम्राज्याने बोल्ट दाखवून पेपर संपवला.

पुस्तकातले एक वाक्य

नायर राजीनाम्यानंतर काही काळ लंडनला भारतमंत्र्यांच्या कौन्सिलमध्ये होते. १९२२ मध्ये त्यांचे ‘गांधी अँड अनार्की’ हे पुस्तक आले. नावावरूनच कळते की ते ब्रिटिशांविरुद्ध लिहिलेले नव्हते. असहकार आणि कायदेभंगाने देशात अराजक माजेल असे त्यांचे ठाम मत होते, आणि १९२१ च्या मोपला उठावात त्यांच्या मलबारमध्येच झालेल्या हिंसेने ते आणखी पक्के केले होते. गांधीजींवर त्यांनी त्यात सडकून टीका केली. हक्क कायद्याच्या मार्गानेच मिळवावेत, हा सूर.

त्याच पुस्तकात ओघात पंजाबचा उल्लेख आला. आशय असा की सुधारणांपूर्वी पंजाबात एका लेफ्टनंट गव्हर्नरच्या हाती इतकी सत्ता होती की आपल्याला माहीत असलेले ते अत्याचार करणे त्याला शक्य झाले.

हे वाक्य वाटते त्याहून नेमके आहे. मद्रास, मुंबई, बंगाल या इलाख्यांत गव्हर्नरसोबत कार्यकारी मंडळ असे. पंजाबात ते नव्हते. तिथे प्रांताचा कारभार खरोखरच एका माणसाच्या टेबलावरून चालत होता. पहिल्या महायुद्धात पंजाबातून साडेतीन लाखांच्या घरात सैनिक भरती झाले. ती भरती गावोगावी दडपण आणून झाल्याच्या तक्रारी होत्या. बाहेरच्या वृत्तपत्रांना आणि नेत्यांना प्रांतबंदी होती. गोळीबाराच्या आधी काही वर्षे हे सुरू होते. डायर अमृतसरला पोहोचला तो ११ एप्रिल १९१९ च्या रात्री. म्हणजे नायर यांच्या मते भार आधीपासून चढत होता आणि चढवणारा एक होता.

ओडवायर तेव्हा इंग्लंडमध्ये निवृत्त आयुष्य जगत होता. डायरचा तो जाहीर पाठीराखा होता. त्याने मजकूर मागे घेऊन माफी मागण्याची मागणी केली. नायर यांनी नकार दिला. ओडवायरने लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयात बदनामीचा दावा ठोकला.

पाच आठवड्यांचा खटला

३० एप्रिल १९२४ रोजी सुनावणी सुरू झाली आणि पाच आठवडे चालली. नायर ६६ वर्षांचे होते. त्यांची बाजू मद्रासचे माजी मुख्य न्यायाधीश सर वॉल्टर श्वाब यांनी मांडली. न्यायमूर्ती मॅकार्डी, आणि बारा जणांची ज्युरी, सगळे इंग्रज.

बदनामीच्या इंग्रजी कायद्यात ज्याने लिहिले त्याने ते खरे असल्याचे सिद्ध करायचे असते. म्हणजे पुन्हा ओझे आरोप करणाऱ्याच्याच खांद्यावर. भारतात इंडेम्निटी कायद्याने अधिकाऱ्यांचा सद्हेतू गृहीत धरला होता, त्यामुळे पंजाबातल्या कोर्टात त्यांच्याविरुद्ध पुरावा उभा राहूच शकला नाही. आता लंडनमध्ये तोच पुरावा नायर यांनी एकट्याने, स्वतःच्या खर्चाने उभा करायचा होता. पंजाबातल्या लोकांच्या साक्षी भारतात नोंदवून तिकडे पाठवण्यात आल्या आणि कोर्टात वाचून दाखवण्यात आल्या. फटके खाल्लेल्या शेतकऱ्याचा आवाज ज्युरीपर्यंत कागदावरून पोहोचला. ओडवायरच्या बाजूने मात्र बडे अधिकारी कोर्टात जातीने हजर झाले. डायर आजारी असल्याने आला नाही.

तरी खटला फिरत राहिला तो डायरभोवतीच. त्याचे कारण सरळ आहे. डायरने बागेत केले तो अत्याचारच नव्हता असे ठरले, तर त्याला मान्यता देणाऱ्या ओडवायरवर कसली जबाबदारी येणार? आणि ज्युरीला मार्गदर्शन करताना न्यायमूर्ती मॅकार्डी यांनी आपले मत सांगून टाकले. त्या गंभीर परिस्थितीत डायर योग्य वागला आणि भारतमंत्र्यांनी त्याला दिलेली शिक्षा चुकीची होती. कॉमन्स सभागृहाने चार वर्षांपूर्वी दिलेला कौल एका न्यायाधीशाने ज्युरीसमोर उलटा फिरवला.

ज्युरीचे एकमत झाले नाही. ११ विरुद्ध १. तो एक म्हणजे राज्यशास्त्राचे अभ्यासक हॅरॉल्ड लास्की. दोन्ही बाजूंच्या संमतीने बहुमताचा निकाल ग्राह्य धरण्यात आला. नायर यांनी ओडवायरला ५०० पौंड नुकसानभरपाई आणि खटल्याचा खर्च द्यावा. खर्चाची रक्कम भरपाईच्या कितीतरी पट होती.

ओडवायरने देऊ केले होते की नायर माफी मागत असतील तर पैसे सोडून देऊ. नायर यांनी पैसे भरले. माफी मागितली नाही. अपील का केले नाही यावर त्यांचे उत्तर व्यवहारी होते. पुन्हा खटला चालला तरी ज्युरीत बारा इंग्रज दुकानदारच बसणार, ते वेगळे काय ठरवतील?

हे लिहिताना मला त्यांच्या चिवटपणाइतकेच त्यांचे एकटेपण जाणवते. काँग्रेसने त्यांच्यामागे उभे राहावे तर पुस्तक गांधीजींविरुद्ध. सरकारने राहावे तर राजीनामा सरकारविरुद्ध. ब्रिटिश न्यायावर भरवसा ठेवा, असे सांगायला लिहिलेल्या पुस्तकापायीच ते ब्रिटिश न्यायालयात हरले होते.

निकालानंतर

भारतातल्या वृत्तपत्रांत संतापाची लाट उसळली. ब्रिटनमध्ये तेव्हा मजूर पक्षाचे पहिलेच सरकार होते. खासदार जॉर्ज लॅन्सबरी यांनी मॅकार्डी यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव दिला. पंतप्रधान रॅम्से मॅकडोनल्ड यांनी तो चर्चेला येऊ दिला नाही. डायरबाबत १९२० चा निर्णय कायम आहे असे भारतमंत्र्यांनी कळवले आणि प्रकरण मिटवले गेले.

खटल्यातून मिळाले ते वेगळेच. पंजाबातल्या भरतीची, फटक्यांची, प्रांतबंदीची माहिती पाच आठवडे लंडनच्या कोर्टात शपथेवर बोलली गेली आणि रोज तिथल्या दैनिकांत छापली गेली. हंटर समितीसमोर सगळ्यांची नावे होती, इथे मात्र प्रश्न एकाच नावाचा होता.

नायर यांनी आपला हेका पुढेही सोडला नाही. १९२८ मध्ये सायमन कमिशनवर देशभर बहिष्कार असताना, कमिशनबरोबर काम करणाऱ्या भारतीय केंद्रीय समितीचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. काळे झेंडे दाखवणाऱ्यांना ते रुचणे शक्य नव्हते. स्वातंत्र्याच्या इतिहासात त्यांचे नाव मागे पडले त्याला हेही एक कारण असावे.

२४ एप्रिल १९३४ रोजी, ७६ वर्षांचे असताना, त्यांचे निधन झाले. ओडवायरचा शेवट कॅक्स्टन हॉलमध्ये झाला तो त्यानंतर सहा वर्षांनी, आणि त्यासाठी उधमसिंग ३१ जुलै १९४० रोजी फासावर गेले. हत्याकांडाला शंभर वर्षे होताना, एप्रिल २०१९ मध्ये, ब्रिटनच्या तत्कालीन पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेत खेद व्यक्त केला. माफी मागितली नाही.

‘ओडवायर विरुद्ध नायर’ या खटल्यात अपील कधीच झाले नाही. त्यामुळे लंडनच्या न्यायालयाच्या दप्तरात निकाल आजही तोच आहे : पंजाबच्या माजी लेफ्टनंट गव्हर्नरची बदनामी झाली, आणि ती सर शंकरन नायर यांनी केली.